कंपनी दुसऱ्या गावी गेली, नोकरी इथेच संपली: पीएफ, ईएसआय आणि बाकीच्या आधारांचा रोखठोक आढावा

कंपनी हलते तेव्हा घरासमोर दोन प्रश्न एकदमच येतात. आपणही बाडबिस्तरा उचलायचा का? आणि नाही गेलो तर पुढचे सहा महिने घर चालणार कशावर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाच-सहा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेलं आहे: भविष्यनिर्वाह निधी (पीएफ), ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा आणि सरकारी रोजगार पोर्टल. ज्याची नोकरी गेली तो माणूस त्या आठवड्यांत कागदं बघायच्या मनःस्थितीत नसतो. फाइल बहुतेक वेळा नवरा किंवा बायको, म्हणजे जोडीदारच हातात घेतो. हा आढावा त्या जोडीदारासाठी आहे. यातली कुठली सेवा खरोखर हातात पैसे देते, किती देते, कुठे अडकवते आणि का, ते इथे सांगितलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. सेवा कागदावर वाटतात तेवढ्या वाईट नाहीत, काही तर चांगल्याच आहेत. पण त्यातल्या बहुतेकींचं दार एकाच गोष्टीवर उघडतं किंवा बंद होतं: नोकरी कशी संपली, हे कंपनीच्या पत्रात काय लिहिलंय. म्हणून सुरुवात तिथूनच.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

कंपनी हलताना कामगारासमोर साधारण चार रस्ते ठेवले जातात. नव्या जागी बदली. बदली नको असेल तर राजीनामा आणि सोबत काही ठोक रक्कम. स्वेच्छानिवृत्ती, म्हणजे व्हीआरएस. किंवा रीतसर कपात, म्हणजे रिट्रेंचमेंट अथवा त्या ठिकाणचं युनिट बंद केल्याची नोटीस. हातात पडणारी रक्कम दुसऱ्या आणि चौथ्या रस्त्यात कधी कधी सारखी दिसते, आणि एचआरही म्हणतो, ‘काय फरक पडतो? पैसे तेवढेच.’ फरक खूप पडतो.

रीतसर कपात झाली तर पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार नुकसानभरपाई म्हणून कायद्यानंच देणं लागतं. वर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. संहितेनं एक भर घातली आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकानं १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. राजीनामा दिला की यातलं काहीही हक्कानं मागता येत नाही. ईएसआयचा बेकारी भत्ता जातो, कपातीच्या भरपाईवरची ५ लाखांपर्यंतची करमाफी जाते आणि कर्जावरच्या नोकरी-विम्याचा दावाही फेटाळला जातो. व्हीआरएसमध्ये करमाफी ५ लाखांपर्यंत मिळू शकते, पण ईएसआयच्या भत्त्याचं दार तिथेही बंदच.

‘कंपनीच्या हातात नव्हतं, जागेचा भाडेपट्टाच संपला’ हे कारण पुष्कळदा ऐकवलं जातं. अपरिहार्य कारणानं युनिट बंद झालं तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरती मर्यादित करता येते, म्हणून हे कारण पुढे केलं जातं. पण आर्थिक अडचण, पडून राहिलेला माल आणि भाडेपट्ट्याची किंवा परवान्याची मुदत संपणं ही नुसती कारणं अपरिहार्य धरायची नाहीत, असं कायद्यातच स्पष्ट म्हटलं आहे. वाटाघाटीत हा मुद्दा काढला की समोरच्याचा सूर बदलतो.

बदलीचा आदेश आला आणि जायचं नसेल तर घरी बसून राहणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. गैरहजेरी लागते, पाठोपाठ ‘कामावर येत नाही’ अशी पत्रं येतात आणि शेवटी नोंद होते स्वेच्छेनं नोकरी सोडल्याची. त्याऐवजी आदेश मिळाल्याच्या आठवड्याभरात लेखी उत्तर द्या. सध्याच्या जागी काम करायला तयार आहोत, नव्या जागी हुद्दा, पगार, घरभाडं आणि सेवेची सलगता काय राहील ते कळवावं, आणि हे युनिट बंद होत असेल तर कायद्याप्रमाणे भरपाई द्यावी, एवढे तीन मुद्दे पुरे. उत्तर रजिस्टर पोस्टानं आणि ईमेलनंही पाठवा. फाटकावर जाऊन हजेरी लावू दिली नाही, तर त्याच दिवशी तसं ईमेलनं कळवा.

नेमणूकपत्रात ‘भारतात कुठेही बदली’ असं कलम असलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. कॅपारो इंजिनिअरिंगच्या प्रकरणात देवासच्या कामगारांची सुमारे ९०० किलोमीटरवरच्या राजस्थानातल्या चोपांकीला बदली झाली होती. तिथे त्यांचं काम आणि कामगार म्हणून असलेला दर्जा बदलणार होता. पूर्वसूचनेशिवाय सेवाशर्तींत असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं आणि ती बदली बेकायदा ठरली. महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यानं दुष्ट हेतूनं केलेली बदली ही अनुचित प्रथा ठरवली आहे. तिच्याविरुद्धची तक्रार ९० दिवसांत करावी लागते. ही मुदत बहुतेक घरांत ‘बघू, बोलणी चालू आहेत’ म्हणता म्हणता निघून जाते. हे संरक्षण व्यवस्थापकीय हुद्द्यावरच्यांना नाही. पण हुद्द्याचं नाव ‘मॅनेजर’ असलं तरी प्रत्यक्ष काम काय होतं हे बघितलं जातं, त्यामुळे कामगार वकिलाला नेमणूकपत्रासोबत रोजच्या कामाचे पुरावेही दाखवा.

भविष्यनिर्वाह निधी: पाचपैकी साडेतीन

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक सुधारलेली सेवा हीच. जून २०२५ पासून आगाऊ रकमेचे ५ लाखांपर्यंतचे दावे यंत्रणा आपोआप तपासते आणि सगळ्या नोंदी जुळल्या तर साधारण तीन दिवसांत पैसे येतात. चेकचा फोटो जोडायची सक्ती २०२५ मध्ये गेली आणि बँक खातं जोडायला मालकाची मंजुरी लागायची, तीही गेली.

दीड गुण कापला तो नोंदी न जुळण्यासाठी. दावा फेटाळला जाण्याची कारणं ठरलेली आहेत: आधार आणि पीएफमधल्या नावात एका अक्षराचा फरक, जन्मतारीख वेगळी, वडिलांचं नाव रिकामं, जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख न भरलेली, किंवा दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या. यातल्या बऱ्याच दुरुस्त्या आता सदस्याला घरबसल्या करता येतात, विशेषतः १ ऑक्टोबर २०१७ नंतर दिलेला आणि आधारनं पडताळलेला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक, असेल तर. त्याहून जुना नंबर असेल, तर संयुक्त घोषणेवर, म्हणजे सदस्य आणि मालकानं मिळून करायच्या दुरुस्ती-अर्जावर, मालकाची मंजुरी लागू शकते. अडचण इथेच येते. कंपनी हलली की इथला एचआर विभाग विखुरतो, सही करणारा माणूस बदलतो, त्याच्या डिजिटल सहीची मुदत संपते आणि मंजुरी महिनोन्‌महिने रखडते. म्हणून कंपनी हलणार अशी नुसती कुणकुण लागली तरी त्याच आठवड्यात यूएएन उघडून नाव, तारखा, वारसाची ई-नोंदणी, आधार, पॅन आणि बँक खातं तपासून घ्या. कंपनी खरोखर बंदच झाली असेल, तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासारख्यांचं साक्षांकन चालतं, पण त्या वाटेनं वेळ जास्त जातो.

पासबुक डाउनलोड करा आणि शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा त्याच्या शेजारी ठेवा. स्लिपमध्ये १२ टक्के कापले गेले, पण पासबुकात जमाच नाहीत, असं अडचणीत आलेल्या कंपन्यांत होतं. एका महिन्याची रक्कम जरी गायब दिसली तरी ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर महिना, कापलेली रक्कम आणि स्लिपची प्रत देऊन तक्रार नोंदवा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर भरतं. पोर्टलवर अडलेलं काम तिथे समोर बसून सांगता येतं. तक्रार क्रमांक घेऊनच जा, नुसत्या तोंडी गाऱ्हाण्याचा पाठपुरावा होत नाही.

आता पैसे किती आणि कधी. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेले २५ टक्के १२ महिन्यांनी. पेन्शनच्या वाट्यासाठी ही मुदत ३६ महिन्यांची. त्याआधीच्या नियमात पूर्ण रक्कम आणि पेन्शनची रक्कम दोन्ही दोन महिन्यांनी काढता येत. घरखर्चाचा हिशेब ‘सगळा पीएफ दोन महिन्यांत येईल’ असा धरू नका. तुमच्या यूएएनवर दाव्याचा कोणता पर्याय उघडतो तो बघून मगच हप्त्यांचं नियोजन करा. कंपनीनं सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतः भरता येते. ती भरताना घाई नको, कारण एकदा भरलेली तारीख बदलणं जिकिरीचं असतं.

पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत ५० हजारांहून जास्त रक्कम काढली तर १० टक्के कर कापला जातो, आणि पॅन जोडलेला नसेल तर त्याहून जास्त. पण मालकाचा व्यवसाय आटोपल्यामुळे किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणामुळे नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागत नाही आणि ही रक्कम करपात्र ठरत नाही. पीएफच्या नोंदीत ‘सेवा समाप्त’ एवढंच दिसतं, कारण दिसत नाही. म्हणून कपातीचं किंवा युनिट बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा आणि प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना कापलेला कर परत मागा. आधीच्या कंपनीतली वर्षं पीएफ ट्रान्सफर केला असेल तर याच पाचांत धरली जातात.

दहा वर्षांच्या आसपास सेवा असेल तर जरा थांबा. पेन्शन योजनेत दहा वर्षं झाली की ती रक्कम काढता येत नाही, पण ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क तयार होतो (५० नंतर कमी दरानं आधीही घेता येते). साडेनऊ वर्षं झाली की दहा धरली जातात. नऊ वर्षं सेवा झालेल्यानं पैशांची तंगी म्हणून दहा-सी फॉर्म भरून पेन्शनचा वाटा काढून घेणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घ्या. पुढच्या नोकरीत ती नऊ वर्षं मोजली जातील. भविष्यनिर्वाह निधीचा वाटा खात्यात ठेवला तर त्यावर व्याज चालूच राहतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के). फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं, एवढं लक्षात असू द्या.

ईएसआयचा बेकारी भत्ता: ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचा, आणि सगळ्यात कमी माहितीतला

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांच्या पगारातून ०.७५ टक्के ईएसआय कापला जातो आणि मालक ३.२५ टक्के भरतो. बहुतेक घरांत ईएसआय म्हणजे दवाखाना एवढंच माहीत असतं. नोकरी गेल्यावर तिथून रोख पैसेही मिळतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. कंपनी जाताना हे आपणहून सांगेलच असं नाही.

दोन योजना आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासूनची. तिच्यात सुरुवातीला २५ टक्के मिळायचे. मार्च २०२० पासून सरासरी वेतनाच्या ५० टक्के दर लागू झाला आणि योजनेची मुदत टप्प्याटप्प्यानं वाढवली गेली. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो, रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांची आणि आयुष्यात एकदाच. २०,००० पगाराच्या माणसाला पूर्ण ९० दिवसांचे साधारण ३०,००० रुपये होतात. तीन महिन्यांचं घरभाडं किंवा मुलांची सहामाही फी, एवढा हा आधार आहे.

अटी अशा: नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमाधारक असणं, नोकरी गेली त्याच्या लगतच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन वर्गणी-काळांपैकी एकात किमान ७८ दिवस. वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मधल्या काळात बिनपगारी रजा जास्त झाली असेल, तर दिवस मोजून बघा. गैरवर्तन, निवृत्ती, व्हीआरएस आणि स्वेच्छेनं काम सोडणं यांपैकी काहीही नोंद असेल तर दावा बाद होतो. म्हणूनच बदलीच्या आदेशाला लेखी उत्तर देण्यावर वर एवढा भर दिला.

दावा ईएसआयच्या पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून भरायचा, छापील प्रत, आधार आणि बँक खात्याच्या तपशिलासह शाखा कार्यालयात द्यायची. मालकाकडून अर्ज पाठवण्याची जुनी अट गेली आहे, म्हणजे कंपनी तिकडे निघून गेली तरी दावा अडत नाही. हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण. अडतो तो आयपी नंबरला (ईएसआयच्या विमाधारक क्रमांकाला) आधार आणि बँक खातं जोडलेलं नसल्यामुळे. ते नोकरी चालू असतानाच जोडून घ्या.

दुसरी योजना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. हिची मदत पुष्कळ मोठी आहे, पण अट कडक: कारखाना बंद होणं, औद्योगिक कायद्याखालची रीतसर कपात किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघातानं आलेलं कायमचं अपंगत्व. आधीची वर्गणी काही वर्षांची हवी. ती असेल तर भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळतो, पहिल्या वर्षी सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के. त्या काळात कुटुंबाचा दवाखानाही चालू राहतो. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि इथलं युनिट बंद झालं, म्हणजे हिच्यासाठी नेमकं लागणारं कारण घडलं. पण हातात राजीनाम्याचं पत्र असेल तर काही उपयोग नाही. एका सहीनं ९० दिवस आणि २४ महिने दोन्ही हातचे जातात, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकून ठेवावं. एकाच काळासाठी दोन्ही योजनांचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा दुसरी लागू असेल तर शाखा कार्यालयात तिच्याचबद्दल आधी विचारा.

दवाखान्याबद्दल एक बारकावा. नोकरी संपली त्याच दिवशी ईएसआयचा दवाखाना बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात ७८ दिवसांची वर्गणी झाली असेल, तर तिचा लाभ-काळ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत असतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबर. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्या, पण ७८ दिवस भरलेल्या कुटुंबानं घाईनं महागडी पॉलिसी घ्यायची गरज नाही. पत्ता बदलला तर पोर्टलवर दवाखाना मात्र बदलून घ्या.

ग्रॅच्युइटी आणि शेवटचा हिशेब

इथे गणित सोपं आहे, वाद फक्त आकड्यांवर होतात. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. २६,००० रुपये आणि १२ वर्षं असतील तर १ लाख ८० हजार. सहा महिन्यांहून जास्तीचा शेवटचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. पाच वर्षांची अट आहे. ठराविक मुदतीच्या करारावरच्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरही प्रमाणात मिळते. याच संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जादा भाग वेतनात धरायचा आहे. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवलेल्या स्लिपांच्या बाबतीत यानं रक्कम बरीच वाढू शकते. कंपनीनं दिलेल्या तक्त्यात हे केलंय का ते बघा.

ग्रॅच्युइटी वेगळी आणि कपातीची भरपाई वेगळी. दोन्हींची मिळून ‘सेटलमेंट’ म्हणून एकच आकडा दाखवला जातो, तेव्हा तो फोडून मागा: भरपाई, नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, थकलेला पगार. प्रत्येकाला करमाफीची मर्यादा स्वतंत्र आहे. ग्रॅच्युइटीला २० लाख, खासगी नोकरीतल्या शिल्लक रजेला २५ लाख, कपातीच्या भरपाईला ५ लाख. सगळं ‘सानुग्रह’ म्हणून एका ओळीत लिहिलं गेलं तर या माफ्या सिद्ध करणं अवघड जातं. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीसाठी ३० दिवस. ती उशिरा आली तर व्याज मागता येतं आणि त्यासाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करायचा. वकील लागतोच असं नाही.

‘सर्व हिशेब मिळाला, पुढे काही दावा नाही’ अशा ओळीवर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका. करावीच लागली तर तारीख आणि ‘रक्कम जमा होण्याच्या अधीन’ असं स्वतःच्या हातानं लिहा आणि प्रत ठेवा.

कर्जासोबतचा नोकरी-विमा: घेऊ नका

गृहकर्ज घेताना ‘नोकरी गेली तर हप्ते आम्ही भरू’ म्हणून विकलं जाणारं हे उत्पादन. बारीक अक्षरांत साधारण असं असतं: जास्तीत जास्त तीन हप्ते, सुरुवातीचा काही काळ कव्हर नाही, आणि राजीनामा, व्हीआरएस, प्रोबेशन, कंत्राटी नोकरी, कामगिरीवरून काढणं, सगळं वगळलेलं. कंपनी हलल्यामुळे दिलेला राजीनामाही ‘स्वेच्छेचा’ धरला जातो. आधीच घेतलेला असेल आणि कपातीचं रीतसर पत्र हातात असेल, तर दावा जरूर करा. नवीन घेऊ नका. त्याऐवजी नोकरी गेल्याच्या पहिल्या महिन्यातच, एकही हप्ता चुकायच्या आत, बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणं जास्त उपयोगाचं. एक हप्ता चुकल्यानंतर तीच मागणी केली तर बँकेचं वागणं वेगळं असतं.

कंपनीचा ग्रुप आरोग्यविमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि इथे ईएसआयसारखी सवलत नाही. विमा कंपनीकडे ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं आणि जुन्या आजारांसाठीचा सरलेला प्रतीक्षाकाळ त्यात धरला जातो. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा आई-वडिलांचं काही जुनं दुखणं असेल तर ही गोष्ट अजिबात सोडू नका. अर्ज शेवटच्या दिवसाआधीच गेला पाहिजे. तोपर्यंत महाराष्ट्रात शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे: वर्षाला ५ लाखांपर्यंत, ठरवून दिलेल्या उपचारांवर, योजनेतल्या रुग्णालयांत. शिधापत्रिकेवर सगळ्यांची नावं आहेत का ते आजच पाहून ठेवा.

रोजगार पोर्टलं

केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम्, दोन्ही फुकट आहेत. नाव नोंदवा, मेळाव्यांच्या तारखा बघा, पण सगळी आशा त्यावर ठेवू नका. फिटर, टर्नर, मशीन ऑपरेटर, गोदाम, सुरक्षा आणि विक्री अशा कामांसाठी ती ठीक चालतात. अनुभवी पर्यवेक्षक किंवा लेखापालासाठी जुने सहकारी आणि पुरवठादार जास्त कामाचे. कंपनी हलते तेव्हा तिचे पुरवठादार बहुतेक इथेच राहतात आणि त्यांना तिचं काम जाणणारी माणसं हवी असतात. नोकरी लावून देण्यासाठी कुणीही नोंदणी फी मागितली तर तिथेच थांबा.

जोडीदार मागोमाग गेला तर

दुसरी बाजूही आहे. नवऱ्याची कंपनी नव्या शहरात गेली, तो गेला आणि बायकोनं स्वतःची नोकरी सोडली, किंवा याच्या उलट. या सोडण्याला कुठलाही भत्ता नाही, कारण तो कायद्याच्या नजरेत साधा राजीनामा आहे. म्हणून घर हलवायचं की नाही हे ठरवताना दोघांच्याही रकमा मांडा. ज्याची कंपनी हलली त्याला इथेच राहून भरपाई घेतली तर काय मिळेल, आणि दुसऱ्याची पगारवाढ, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं किंवा पेन्शनची दहा वर्षं किती महिन्यांवर आली आहेत. ग्रॅच्युइटीला चारच महिने उरले असतील तर तेवढे महिने दोन घरं चालवणं परवडतं का, हे आकडे मांडून बघण्यासारखं आहे. हलवायचंच ठरलं तर आधी आपल्या कंपनीकडे दुसऱ्या शाखेत बदली किंवा घरून काम लेखी मागा. नकार आला तरी तो पुढच्या मुलाखतीत नोकरी सोडण्याचं कारण म्हणून दाखवता येतो.

मागोमाग जाणाऱ्यानं पीएफ काढू नये, नव्या नोकरीत तोच यूएएन देऊन ट्रान्सफर करावा. ईएसआयचा आयपी नंबरही तोच राहतो, नव्या गावात फक्त दवाखाना बदलावा लागतो. आणि शहर सोडण्याआधी जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख यूएएनवर भरली आहे का, आणि ती रिलीव्हिंग लेटरवरच्या तारखेशी जुळते का, हे उघडून बघा. जुळत नसेल तर एचआरच्या समोर बसूनच दुरुस्त करून घ्या.